बटण मालकाने दाबावे

खामगावच्या बाजारात कडूबाच्या दुकानाला पाटी होती, पण पाटी वाचून तिथे कोणी जात नसे. "तो भेकड कडूबा कुठं बसते?" असे विचारले की पानवालासुद्धा हसत हसत बोट दाखवी. हार्मोनियम, कॅसिओ, ऑक्टोपॅड, भजनी मंडळांचे अॅम्प्लिफायर असे काहीही बिघडले की लोक त्याच्याकडेच आणत. भेकड माणसाच्या हातून वस्तू तुटत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होते.

भीती त्याला नावासोबतच मिळाली होती. आधीची दोन मुले गेल्यावर हा जन्मला, म्हणून आईने नजर लागू नये असे कडू नाव ठेवले आणि वर शेजारणीला सूपभर ज्वारीवर विकून पुन्हा परत घेतले. त्यानंतर तिने त्याला विहिरीकडे जाऊ दिले नाही, बैलाला हात लावू दिला नाही, पतंगासाठी माडीवर चढू दिले नाही. "नोको बाप्पा, तिकडे नोको," हे तिचे शब्द ऐकतच तो मोठा झाला. आई जाऊन बरीच वर्षे झाली होती. कडूबाने पन्नाशी ओलांडली होती. तरी एखाद्या वाद्याचा खालचा पत्रा उघडताना त्याच्या कानात तेच शब्द येत.

त्याची एक रीत होती आणि तिच्यावरून बाजारात बरेच विनोद होत. गिऱ्हाइकाचे चालू वाद्य तो स्वतः कधीच बंद करत नसे. "तुमी बंद करा," असे म्हणून तो हात मागे घेई. बटण मालकाने दाबावे, मग पुढचे कडूबाने करावे. कोणी कारण विचारले तर म्हणे, "आतमधी काय ठेवलं हाये ते तुमाले माहीत. मले नाही."

हे खूळ त्याच्या डोक्यात बसले ते सॅम्पलर जातीच्या जुन्या कीबोर्डांमुळे. इतर कीबोर्डांत बासरी, तबला, व्हायोलिन हे आवाज कारखान्यातूनच भरून येतात. सॅम्पलर मात्र कोरा येतो. त्याला माइकसमोर जो आवाज ऐकवाल तो तो पट्ट्यांवर धरतो. पण वीज आहे तोवरच. बटण बंद झाले की सगळे विसरतो. म्हणून तो आवाज फ्लॉपीवर उतरवून ठेवायचा आणि प्रत्येक वेळी चालू केल्यावर फ्लॉपीवरून पुन्हा आत घ्यायचा. फ्लॉपी आता कुठे मिळत नाहीत. मिळाल्या तरी त्यांचा भरवसा नाही.

असा एक सॅम्पलर उंद्रीच्या किसनरावांकडे होता. किसनरावांची घरची भाजीपाल्याची शेती. वांगी-मेथी करून उरलेल्या वेळात ते सनई वाजवत, आणि चिखली तालुक्यात लग्न असले की त्यांची सनई पाहिजेच असे लोक म्हणत. अकोल्याची एक ऑर्केस्ट्रा पार्टी मोडली तेव्हा त्यांनी हौसेने हा बाजा घेतला, आणि एका दुपारी घरातच माइक लावून एकेक सूर एकेका श्वासात त्याला दिला. पुढे त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, ओठ एका बाजूला ओढले गेले, सनईची पत्ती तोंडात धरता येईना. तेव्हापासून त्यांचा पुतण्या राजकुमार लग्नांत कीबोर्डवर त्यांची सनई वाजवी आणि किसनराव शेजारी खुर्ची टाकून डोळे मिटून बसत. लोक येऊन म्हणत, "काका, आज सूर चांगला लागला." ते मान डोलावत.

नात प्रतीक्षा हिचे लग्न ठरले तेव्हा किसनरावांची एकच इच्छा होती, की मांडवात सनई आणि संबळ दोन्ही वाजावे. जुन्या मेमरीत एका वेळी एकच मावत असे. म्हणून उन्हाळ्यातच राजकुमार खामगावला येऊन कडूबाला सांगून गेला होता की मेमरी वाढव आणि फ्लॉपीचे झेंगट काढून टाक. कडूबाने सामान मागवले. मेमरीच्या दोन पट्ट्या आल्या. फ्लॉपीच्या जागी बसणारा आणि पेन ड्राइव्ह घेणारा छोटा डबाही आला. ते सगळे दुकानातल्या खणात पडून होते. राजकुमारने फोन केला की कडूबा म्हणे, "पावसाळी हवेत नोको. ओल लागते." मग म्हणाला, पोळा होऊ दे. मग म्हणाला, गणपती उठू दे. खरे म्हणजे तो बाजा उघडायचीच त्याला भीती वाटत होती. उघडला आणि काही झाले तर किसनरावांची सनई पुन्हा कोण वाजवून देणार होते?

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानासमोर एक पिकअप थांबली. मागे गादीवर तो बाजा ठेवला होता आणि त्याच्या छोट्या पडद्यावर हिरवा उजेड होता. शेजारी इन्व्हर्टर, त्याला जोडलेली बॅटरी आणि दोघांमध्ये ताणलेली वायर. गाडीतून राजकुमार उतरला. मागून पत्नी पुष्पाबाईंनी किसनरावांना आधार देत उतरवले.

"कडूभाऊ, हात नोको लावू," राजकुमार लांबूनच म्हणाला. "चालू हाये."

"चालू?" कडूबा पायरीवरच थांबला. "उंद्रीहून चालूच आणला?"

"खंडेनवमीपासून चालूच हाये. बंद केला तं संपलं. फ्लॉपी घेतच नाही तो. दोन्ही नाही घेत."

कडूबाने वळून आतल्या खणाकडे पाहिले. त्याला उन्हाळ्यातले ते सामान आठवले, खणात पडलेले.

राजकुमार आणि ड्रायव्हरने बाजा आणि बॅटरी एकदमच उचलले आणि गाठ बांधलेल्या नवरानवरीसारखे एकमेकांना सांभाळत आत आणले. "वायर, वायर पाह्य," म्हणत कडूबा उलट्या पावलांनी पुढे चालत होता. इन्व्हर्टरची पिन दुकानातल्या सॉकेटमध्ये घातल्यावर त्याने प्रथमच श्वास सोडला.

"झालं काय, ते सांगा."

राजकुमारने सांगितले. खंडेनवमीला देवीच्या मंडळात सकाळी कार्यक्रम होता. फ्लॉपीवरून सनई आत घेतली, छान वाजली. बाजा चालूच ठेवून, फ्लॉपीची डबी घेऊन सगळे घरी जेवायला गेले. संध्याकाळी संबळ आत घ्यावा म्हणून फ्लॉपी घातली तर ड्राइव्हने दात खाल्ल्यासारखा आवाज केला. दुसरी घातली, तोच आवाज. संबळ आला नाही, पण सनई मेमरीत तशीच राहिली होती.

"फ्लॉपी पाहू," कडूबा म्हणाला.

पुष्पाबाईंनी पिशवीतून डबी काढून दिली. कडूबाने दारातल्या उजेडाकडे वळून पहिल्या फ्लॉपीचे पत्र्याचे झाकण हळूच सरकवले. आतल्या तपकिरी चकतीवर बोटाएवढा लाल ठिपका होता आणि त्याच्यापासून गोल ओरखडा निघाला होता. कुंकू. त्याच्याशेजारी थोडी हळदही. दुसऱ्या फ्लॉपीवर तसेच.

त्याने वर पाहिले. पुष्पाबाई त्याच्याकडेच पाहत होत्या. खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा होते. कडूबाने स्वतः त्या दिवशी सोल्डरिंगच्या कावियाला आणि पकडींना कुंकू लावले होते. यात काही चूक आहे, असे कोणाला वाटेल?

त्या जवळ आल्या आणि अगदी हळू बोलल्या. "वरून लावलं तं वर राह्यते. आवाज तं आतमधी हाये ना. म्हणून झाकण सरकवलं."

"अन् दुसरीले?"

"दोघी बहिणी जशा. एकीले लावलं अन् दुसरीले नाही, बरं दिसते का?" त्यांनी खुर्चीवरच्या नवऱ्याकडे पाहिले. "त्याईले सांगू नोको, बापू. त्याईचा श्वास हाये त्याच्यात."

"काय हाये रे?" खुर्चीवरून किसनरावांनी विचारले. झटक्यानंतर त्यांचे शब्द जड येत.

"धूळ हाये काका," कडूबा म्हणाला. "धूळ बसली."

आता मार्ग दोनच होते. राजकुमारला पहिला पसंत होता. "मी मोबाईलवर पाह्यलं. एक जण चालू मशीनचा पत्रा काढून फ्लॉपीच्या जागी तुया खणात हाये तसाच डबा लावून राह्यला होता. लावला, सेव्ह केलं, खेळ खतम."

"चालू मशीनमधी पेचकस घसरला तं?"

"नाही घसरत बे."

कडूबाने आपला उजवा हात पुढे धरून दाखवला. बोटे थरथरत होती.

दुसरा मार्ग हळू होता, पण त्यात पत्रा काढावा लागत नव्हता. बाजाच्या मागून अॅम्प्लिफायरला जाणारी वायर लॅपटॉपला जोडायची, एकेक पट्टी दाबून तो सूर संपेपर्यंत उतरवून घ्यायचा. मग निवांत बाजा बंद करून मेमरी वाढवायची आणि तेच सूर त्याला परत ऐकवायचे. कडूबाने लॅपटॉप उघडला, वायर जोडली. तेवढ्यात डोक्यावरचा पंखा मंद होत होत थांबला.

शेजारची पिठाची गिरणीही घरघरत बंद पडली. गिरणीवाली धम्मशीला पिठाळलेल्या हातांनी दारात आली. "लाइन गेली कडूभाऊ. तारांचं काम हाये म्हणे, दुपारपर्यंत नाही येत." मग आतली माणसे पाहून तिने विचारले, "कोणी आजारी हाये का?"

"हाव," राजकुमार बाजाकडे हात करून म्हणाला. "हा."

आणि इन्व्हर्टरने टूं केले.

कडूबाला तो आवाज ओळखीचा होता. बॅटरी उतरत आली की तो तसा बोलतो. आदल्या रात्री गावात वीज नव्हती तेव्हा घरी आणि मग रस्ताभर तिनेच बाजा जिवंत ठेवला होता. "पिकअपची बॅटरी लावू," राजकुमार म्हणाला. लावता आली असती, पण त्यासाठी आधीची वायर क्षणभर सोडावी लागणार होती, आणि तो क्षण कडूबाला नको होता.

तो किसनरावांसमोर उकिडवा बसला. "काका, सगळे सूर उतरतील का, सांगता येत नाही. बॅटरी मध्येच गेली तं बाकीचे जातील. तुमी सांगा, कोणता आधी घेऊ?"

राजकुमार म्हणाला, "सा घे ना. सा असला की मशीन त्याच्यावरून बाकीचे ओढून काढते."

"पातळ होतात तसे," कडूबा म्हणाला. पण तो किसनरावांकडेच पाहत होता.

किसनरावांनी डावा हात उचलला आणि बाजाच्या अगदी डाव्या टोकाकडे केला. "खालची. सगळ्यात खालची पट्टी."

"काका, तिथं सनई नाही," राजकुमार म्हणाला. "तिथं काही नाही. मी कधी दाबतच नाही ती."

"तेच आधी."

राजकुमारने कडूबाकडे पाहून डोक्याशी बोट नेले, म्हणजे झटक्याने डोके गेले. इन्व्हर्टर पुन्हा बोलला. कडूबाला क्षणभर वाटले, ऐकू नये. मग त्याला स्वतःचेच शब्द आठवले, आत काय ठेवले आहे ते मालकाला माहीत. त्याने लॅपटॉपवर रेकॉर्ड सुरू केले आणि टोकाची पट्टी दाबली.

आधी भांड्याचा आवाज आला. मग कोणीतरी खाकरले. मग एक तरुण बाई थोडी चिडून म्हणाली, "अजी, चहा थंडा होऊन राह्यला."

धम्मशीलेने पदर तोंडाशी नेला. पुष्पाबाई खुर्चीमागे उभ्या होत्या. त्या बाजाकडे, मग नवऱ्याच्या डोक्याकडे पाहत राहिल्या.

"माइक तपासून राह्यलो होतो तवा," किसनराव म्हणाले. "पुसलं नाही."

"एवढा बारीक होता माहा आवाज?" पुष्पाबाईंनी विचारले.

"आता सा घे," किसनराव कडूबाला म्हणाले.

मग कडूबा एकेक पट्टी दाबत गेला. प्रत्येक वेळी तो सूर मरेपर्यंत बोट उचलायचे नाही, कारण शेवटच्या टोकाला किसनरावांचा श्वास संपताना ऐकू येई आणि तो कापला गेला की सनई खोटी वाटते. त्याला वाटत होते, बोट थरथरेल आणि पट्टी सुटेल. सूर चालू असताना मध्येच टूं होई, पण वायरीतून तो आवाज लॅपटॉपमध्ये जात नव्हता. तरी कडूबा प्रत्येक वेळी दचके. धम्मशीला दारात उभी राहून येणाऱ्या बायकांना दळणाच्या डब्यांसकट परत पाठवत होती. "दुपारी या. आत ऑपरेशन चालू हाये."

पंचम झाला. वरचे सूर सुरू झाले. इन्व्हर्टरचा आवाज आता थांबून थांबून येत नव्हता, सारखा येऊ लागला होता. बाजाचा हिरवा पडदा एकदा फिका झाला आणि पुन्हा उजळला. राजकुमार दोन्ही हातांनी बॅटरीच्या वायरी घट्ट धरून बसला होता. एकच सूर राहिला होता, सगळ्यात वरचा.

कडूबाचे बोट त्या पट्टीवर होते. पण नजर पडद्यावर होती. बॅटरी मरता मरता वीज कमीजास्त करते, आणि असल्या जुन्या बोर्डांना ते सोसत नाही, हे त्याने दोनदा पाहिले होते. तसे झाले तर बाजाच जाईल. मग लॅपटॉपमधली सनई वाजवायची कशावर? बाजा आत्ताच बंद करायला हवा होता, या क्षणी. आणि वरचा सूर जायचा तर जाऊ द्यायचा.

"काका, बंद करा," तो म्हणाला. "लवकर. मागं बटण हाये."

किसनरावांनी उजव्या हाताकडे पाहिले. तो मांडीवर पडला होता. डाव्याने ते काठीवर टेकून उठायला लागले आणि तोल जाऊन पुन्हा बसले. पुष्पाबाई पुढे झाल्या, पण बटणाजवळ गेलेला त्यांचा हात तिथेच थांबला. "मी नाही बाप्पा. माह्या हातानं एकदा झालं."

"तू दाब, कडूबा," किसनराव म्हणाले.

"मालकानं दाबावं, काका."

"मालक सांगून राह्यला."

पडदा पुन्हा फिका झाला. "नोको बाप्पा, तिकडे नोको," कडूबाच्या कानात आले, स्पष्ट, जणू आई मागेच उभी होती. त्याने डोळे मिटले नाहीत. मिटले असते तर बटण सापडले नसते. त्याने हात मागे नेला आणि दाबले.

हिरवा उजेड गेला. खंडेनवमीपासून चालत असलेली बारीक घुमघुम थांबली, आणि ती होती हे सगळ्यांना तेव्हाच कळले. बाजा आता कोरा होता.

दुपारी लाइन आली तेव्हा कडूबाने पत्रा उघडला. फ्लॉपीचा ड्राइव्ह काढला. त्याच्या वाचणाऱ्या टोकाला कुंकू चिकटून काळेलाल झाले होते. किसनराव पाहत आहेत हे कळून त्याने तो पटकन फडक्यात गुंडाळला. मेमरीच्या पट्ट्या त्याने बसवल्या, काढल्या, पुन्हा बसवल्या. डबा बसवला. बाजा चालू करायला राजकुमारला सांगितले आणि स्वतः पायरीवर जाऊन उभा राहिला.

"दाखवून राह्यला," राजकुमार आतून म्हणाला. "मेमरी लय झाली, कडूभाऊ."

मग संध्याकाळपर्यंत एकेक सूर परत आत गेला. कडूबाने तो पेन ड्राइव्हवर उतरवला. बाजा बंद केला, राजकुमारच्या हाताने. चालू केला. सनई आली. संबळाचा फक्त आवाज भरायचा होता. तो राजकुमार गावच्या संबळवाल्याकडून पुन्हा घेणार होता. राहिलेला वरचा सूर कडूबाने त्याच्या खालच्यावरून ओढून तयार केला होता. राजकुमारने तो वाजवला.

किसनरावांनी डोळे उघडले. "हा मी नोहे."

"नाही काका," कडूबा म्हणाला. "तो गेला."

"जाऊ दे. तिथवर चढताना तसंही मले भ्या वाटे." त्यांनी फडक्यातल्या ड्राइव्हकडे काठी केली. "अन् धूळ कुठं लाल असते रे?"

पुष्पाबाईंनी पिशवी आवरायला घेतली. "चला आता," त्या म्हणाल्या. "उशीर होऊन राह्यला."

प्रतीक्षाच्या लग्नाला कडूबाला मानाने बोलावले होते. मांडवात सनई वाजली, संबळही वाजला. जेवायला बसा म्हणून सगळ्यांनी आग्रह केला, पण तो बाजाच्या मागे, बोर्डाच्या पिनेपाशी स्टूल टाकून बसून राहिला. कोणाचा पाय वायरीत अडकेल, असे त्याला वाटत होते. पेन ड्राइव्हच्या तीन प्रती होत्या, एक उंद्रीला, एक त्याच्या खणात, एक धम्मशीलेच्या गिरणीत. बाजा दहादा बंद पडला असता तरी काही जाणार नव्हते. राजकुमारने ताट तिथेच आणून दिले.

पुढच्या खंडेनवमीला कडूबा आपल्या पकडी मांडून बसला होता. फोन वाजला. पडद्यावर पुष्पाबाईंचे नाव पाहून त्याच्या हातातले हळदीचे ताटच कलले.

"काय झालं काकू?"

"काही नाही झालं. पूजा करून राह्यली. त्या पेन ड्राइव्हले कुंकू कुठं लावू?"

कडूबाने ताट खाली ठेवले. "टोपणाले लावा. टोपण काढू नोका. फक्त वरून."

"फक्त वरून," त्यांनी शब्द पक्का केला. मागे कुठेतरी भांडे वाजले, कोणी खाकरले, आणि ती बारीक, चिडकी बाई चहाबद्दल बोलली. किसनराव पट्टी दाबत होते.

"ठेवते बापू. हे असंच करतात दिवसभर."

फोन ठेवल्यावर कडूबाने खण उघडला. आपल्याजवळची प्रत जागेवर आहे ना, ते पाहिले. मग गिरणीतलीही आहे ना, ते विचारायला तो उठला.